माझ्या नावावरचं रान

बारामतीत इंदापूर रस्त्याला माझं शेतीच्या औषधांचं दुकान आहे. शेतकीची पदवी घेऊन, लग्न करून काटेवाडीत आले तेव्हा सासऱ्यांनी पहिल्या महिन्यातच ओळखलं की ही बाई घरात बसली तर रोज भांडणं होतील. त्यांनी मला दुकान काढून दिलं. तेव्हापासून माझा एक नियम आहे, पान दाखवल्याशिवाय औषध मिळणार नाही. "बाई, भेंडी पिवळी पडलीया, कायतरी द्या," असं म्हणत कोणी आलं की मी विचारते, डॉक्टरकडं जाताना अंग घरी ठेवून जाता का? मग तो माणूस शिव्या घालत परत जातो आणि दुपारी टोपीत पान घेऊन येतो. आमच्या काउंटरवर सकाळपासून पानांचा कचरा पडलेला असतो. लोक तोंडावर मला ताई म्हणतात आणि माघारी पानवाली. मला दोन्ही चालतं.

माझा एकुलता एक भाऊ माझ्याहून लहान. तो कळसला असतो, आमच्या माहेरच्या रानावर. त्याला मी कडेवर घेऊन वाढवलं असं म्हणणं जरा जास्त होईल, पण त्याच्या दप्तराला टाके मी घातलेत आणि त्याच्या बायकोला बघायला मीच गेले होते. आई आधीच गेली होती, काही वर्षांनी वडील गेले. आमच्याकडं वडील गेले की वर्षाच्या आत बहिणीला हक्कसोडीला बोलावतात. बहिणीनं रजिस्टर कचेरीत जाऊन जमिनीवरचा हक्क सोडल्याची सही करायची, भावानं साडी घ्यायची, सगळ्यांनी मिळून मिसळ खायची. सही न देणारी बहीण म्हणजे माहेरच्या मुळावर उठलेली. मीही सहीची तयारी ठेवून बसले होते. माझ्या दोन्ही नणंदांनी दिली होती, मी कोण लागून गेले?

भावानं बोलावलंच नाही. त्यानं गुपचूप वाटप करून घेतलं, त्या कागदांवर सह्या घेताना मला म्हणाला, "कर गं, तुज्या फायद्याचं हाय," आणि भाऊबीजेला मी ओवाळलं तेव्हा ताटात सातबारा ठेवला. ओढ्याकडचा एक पट्टा माझ्या एकटीच्या नावावर झाला होता. भावकी बसलेली होती. एक म्हातारे तात्या म्हणाले, "लेका, बापानं बी आसं केलं न्हाय." मी इतकी रडले की निरांजन विझलं आणि भावजयीनं परत लावलं.

ती गोष्ट मी किती लोकांना सांगितली असेल याला गणती नाही. दुकानात कोणी हक्कसोडीचा विषय काढला की माझी टकळी सुरू. आमचे हे शेवटी म्हणाले, अगं आता पुरे, लोकांच्या बहिणी जाग्या होतील. रान कसणार अर्थात भाऊच होता. त्यानं पट्ट्यात ऊस लावला. वर्षाला गुळाची ढेप आणि ज्वारी घरी यायची, तेवढं मला पुष्कळ होतं. खरं तर मला रान नकोच होतं. माहेरच्या मातीत आपलं नाव आहे, या नुसत्या विचारानंच मला सकाळी हलकं वाटायचं. हे वाचून कोणाला हसू येत असेल तर येऊ दे, मला तसं वाटायचं.

दोन-तीन वर्षांनी श्रावणात त्याचा फोन आला की माझ्या उसात बिबट्याची मादी व्यालीय. आमच्या भागात हे काही नवलाचं नाही. गवताला येणाऱ्या बायका तिकडं फिरकेनाशा झाल्या, शेजारचे लोक लांबून जायला लागले. मी मात्र काळजीनं अर्धी झाले. रोज संध्याकाळी फोन करायचे, काठी घेतलीस का, बॅटरी घेतलीस का, एकटा जाऊ नकोस. तो हसायचा. "काय खात न्हाय गं मला, माज्यात हाय काय खायाजोगं?" मग मीही हसायचे.

नवरात्र संपता संपता त्यानं दुसरी तक्रार सांगितली. उसाच्या कडेला त्यानं भरताची वांगी लावली होती म्हणे, आणि तोडा तोंडावर आलेला असताना त्यावर लाल कोळी पडला होता. हा किडा डोळ्यांना धड दिसतही नाही. पानाच्या पाठीशी बसून रस पितो, वरून पानावर रवा सांडल्यासारखे ठिपके येतात. फार माजला की झाडाच्या शेंड्याला जाळं विणून टाकतो. ऑक्टोबरचं ऊन त्याला मानवतं. मी म्हणाले, पान घेऊन ये.

"आता पान कुठं आणू? फोनवर सांग की."

"न्हाय सांगत. सख्खा भाऊ असलास म्हणून वांगं सख्खं हुत न्हाय."

तो आला. दुकानात चार गिऱ्हाइकं होती. त्यांतला एक जण म्हणाला, "ताई, भावाला बी पान?" मी म्हणाले, "भावाला दोन पानं." सगळे हसले, भाऊही हसला आणि त्यानं खिशातून एक पान काढून काउंटरवर ठेवलं. मी भिंग लावून बघितलं. कोळी होता, पण थोडा. जाळ्याचा पत्ता नव्हता. आणि पानाच्या शिरेवर काटे होते. भरताच्या वांग्याचं जे रोप मी त्याला सुचवलं होतं त्याला काटे नसतात. हे मला त्याच क्षणी दिसलं. दुसऱ्या कोणाचं असतं तर मी पान त्याच्या तोंडावर फेकून म्हणाले असते, कुणाच्या बांधावरून तोडून आणलंस? भावाला मी मनातल्या मनात सूट दिली. रोपवाल्यानं फसवलं असेल बिचाऱ्याला.

त्यानं आणखी दोन गोष्टी विचारल्या. पहिली, भाजल्यावर औषधाचा वास राहतो का. दुसरी, भाजताना जो धूर होतो त्यातून औषध माणसाच्या छातीत जातं का. मी त्याच्याकडं बघतच राहिले. इतकी वर्षं दुकान चालवतेय, पण चुलीवर वांगं भाजणाऱ्या बाईच्या छातीचा विचार करणारा शेतकरी मला भेटला नव्हता. मी गिऱ्हाइकांकडं वळून म्हणाले, "ऐका, ऐका जरा, शिका." ती चार माणसं माना डोलवत होती आणि भाऊ खाली बघत होता. मला वाटलं, लाजला.

तोडा जवळ आला असताना कडक विष मारायचं नाही, हे मी त्याला सांगितलं. शेंड्यांनी जाळं धरलं असेल तर ते काढून टाक, पाण्याचा जोरात फवारा मार, आणि हे सौम्य औषध घेऊन जा. त्याला ते पटलं नाही. त्याला कडक पाहिजे होतं, एका दमात मारणारं आणि तरी मागं काही न ठेवणारं. असं औषध देवानं अजून काढलेलं नाही, मी म्हणाले. शेवटी दिलं ते घेतलं. बिल करताना मी त्याचं नाव लिहायला लागले तर म्हणाला, "तुज्याच नावानं फाड की आक्का. रान तुजंच हाय."

मी माझ्या हातानं, माझ्या दुकानाच्या बिलावर, माझं नाव लिहिलं. वर त्याला चहा पाजला.

त्यानंतर त्याचे रोज फोन. औषध लागू पडत नाही, जाळं वाढतंय, शेंडे गुंडाळले गेलेत. पान सांगत होतं एक आणि हा सांगत होता दुसरं. मला झोप लागेना. माझ्या औषधानं गुण येत नाही म्हणजे काय? एका दुपारी दुकानाचं शटर अर्धं ओढलं, भिंग पिशवीत टाकलं आणि स्कूटी काढली. अंथुर्ण्याहून आत वळून कळसला पोचले. भावाला कळवलं नव्हतं. दुखणं न सांगता आलं तर डॉक्टरनंही न सांगता जावं, असा माझा हिशोब.

भावजय ओसरीवर शेंगा फोडत बसली होती. मला बघून उठली आणि तिच्या मांडीवरच्या शेंगा सगळीकडं सांडल्या.

"वन्सं, आसं अचानक?"

"वांगी बघायला आलीय."

"आज नगं. बिबट्या हाय तितं. कालच कुत्रं नेलं."

"दिवसाढवळ्या मला खाऊन त्याचं पोट बिघडंल," मी म्हणाले आणि निघाले. ती मागं मागं फाटकापर्यंत आली. तिचा चेहरा उतरला होता. मला वाटलं, जीव लावते पोरगी.

ओढ्याच्या बांधानं मी पट्ट्यावर पोचले. कडेला वांगी नव्हती. गवत होतं, कमरेएवढं वाढलेलं. मी पट्ट्याला पूर्ण वळसा घातला. एका ठिकाणी ठिबकची नळी उसाच्या सरी सोडून आडवी आत गेली होती आणि तिच्या बाजूनं उसाचं वाळलेलं पाचट तुडवून पायवाट झाली होती. ही वाट माणसाच्या पायांची होती. बिबट्या काही ठिबक ओढून नेत नाही, एवढं मला कळत होतं. उसाच्या पात्यांनी हात कापत मी आत शिरले.

मधे ऊस नव्हताच. बाहेरून भिंत आणि आत मोकळं अंगण, अशी जागा केली होती. तिथं माझ्या डोक्याच्या वर गेलेली झाडं उभी होती आणि त्यांचे शेंडे पांढऱ्या जाळ्यात गुंडाळलेले होते. इथं मी जे केलं ते आठवलं की मला आजही स्वतःची कीव येते. मी आधी पान उलटं केलं आणि भिंग लावलं. कोळी होता, अंडी होती, पिल्लं होती, जाळ्यावरून, सुतावरून चालावी तशी, त्यांची रांग चालली होती. मनात म्हणाले, बरोबर, जालीम औषध मारून मारून यानं कोळ्याला खाणारे चांगले किडे मारले आहेत, आता हा कोळी कोणाच्या बापाला ऐकणार नाही. रोग ओळखून झाला आणि मग मी भिंग खाली घेतलं आणि पान बघितलं. लांब बोटांचं, करवतीसारख्या कडांचं पान. कॉलेजात आम्हाला तणांच्या तासाला दाखवलं होतं. गांजा.

मी खाली बसले. बसल्यावर दिसलं की झाडांच्या बुडाशी रिकाम्या बाटल्या पडल्या आहेत. एका बाटलीवर माझ्या दुकानाची चिकटपट्टी होती.

उसात गांजा सापडल्याच्या बातम्या आमच्याकडं पेपरात येतात. आधी गावाचं नाव येतं, मग गट नंबर, मग जमीनमालकाचं नाव. मी दुकानात त्या मोठ्यानं वाचून दाखवलेल्या आहेत, आणि वर शेरे मारलेत. रान ज्याच्या नावावर त्याला आधी उचलतात हे इथल्या शेंबड्या पोरालाही माहीत आहे. रान माझं होतं. औषध माझ्या दुकानाचं होतं. बिल माझ्या नावाचं, माझ्याच अक्षरातलं होतं. उद्या कोणी खबर दिली असती तर मला बेड्या पडल्या असत्या, परवाना गेला असता, सासऱ्यांनी काढून दिलेल्या दुकानाला सील लागलं असतं आणि माझ्या मुलीला कॉलेजात तोंड दाखवायला जागा उरली नसती. हे सगळं मला एका दमात कळलं. आणि तरी त्या बसलेल्या जागी मी भावासाठी सबब शोधत होते. त्याला कोणी धमकावलं असेल. दुसऱ्या कोणी लावलं असेल, याला माहीतच नसेल. बिबट्याच्या भीतीनं हा आत येत नसेल, बिचारा.

पाचट वाजलं आणि भाऊ आत आला. भावजयीनं फोन केला असणार. पळत आला होता, सदरा घामानं भिजलेला.

"आक्का, तू हितं काय करतीस?"

"तुजी वांगी बघतीय."

टोपी काढून त्यानं तोंड पुसलं. मग पहिला प्रश्न विचारला, "कुणाला सांगितलंस का?"

"रान कुणाचं हाय रं?"

"तुजंच की," तो म्हणाला. अगदी सहज, भाऊबीजेच्या दिवशी म्हणाला होता तसंच.

"पोलीस आलं असतं तर कुणाला नेलं असतं?"

"न्हाय येत पोलीस."

"आलं असतं तर?"

तो माझ्यासमोर उकिडवा बसला आणि मला समजावून सांगायला लागला. खरोखर समजावून, लहान मुलाला सांगतात तसं. म्हणाला, "आलं असतं तरी तुला काय केलं नसतं. तू बाईमाणूस, शिकलेली. समदा तालुका तुला वळखतो. ह्या बाईनं गांजा लावलाय म्हणून कुणाचा इस्वास बसंल का? चार दिसात सोडली असती. मला धरला असता तर सडवला असता. माजी लेकरं बारकी हायती आक्का."

म्हणजे यानं विचार केला होता. रागाच्या भरात, नडीत, कोणाच्या दबावाखाली केलेलं हे काम नव्हतं. त्यानं आणि त्याच्या बायकोनं कधीतरी जेवता जेवता बसून ठरवलं होतं की धरलंच तर आक्काला धरू दे. मी वर्षानुवर्षं पानं बघून, कोणाला चुकीचं औषध न देऊन, उन्हातान्हात लोकांच्या बांधावर जाऊन जे नाव कमावलं होतं ते यानं बाभळीच्या काट्यांसारखं आपल्या गांजाला कुंपण म्हणून लावलं. केसानं गळा कापणं म्हणजे काय ते मला त्या दिवशी कळलं, आणि केस माझ्याच डोक्याचा होता.

मी गप्प बसले, त्याचा त्याला वेगळाच अर्थ लागला. त्याला वाटलं, पटलं हिला. त्यानं जवळचा एक शेंडा वाकवला, जाळं बोटानं बाजूला केलं आणि म्हणाला, "आता बघितलंच हायस तर एक सांग. ह्ये कशानं मरंल? काढणीला आलाय समदा माल, आन ह्यो कोळी जाऊ दीना. एवढं निघालं की परत न्हाय लावत, आईची शपथ."

मी त्याच्या कानाखाली वाजवली. चाळिशी गाठलेल्या, दोन लेकरांच्या बापाला. माझा हातच झणझणला. तो गाल धरून तसाच बसून राहिला आणि मला त्याचा आणखी राग आला. उलटून बोलला असता, ढकललं असतं तरी बरं वाटलं असतं.

मग मी उठून पहिलं झाड धरलं आणि उपटायला लागले. जमीन ठिबकनं ओली होती तरी ते निघता निघेना. दोन्ही हातांनी हिसडे देत होते, जाळं हातांना, तोंडाला, केसांना चिकटत होतं आणि कोपरापर्यंत कोळी चढत होता. मी आयुष्यात कोळ्याचे आभार मानले असतील तर त्याच दिवशी. तो नसता तर हा माझ्याकडं आला नसता, माल काढून मोकळा झाला असता आणि पुढच्या भाऊबीजेला मी त्याला पुन्हा ओवाळलं असतं. भाऊ थोडा वेळ नुसता बघत होता. मग म्हणाला, "आक्का, आसं न्हाय, आडवं कर, मंग निघतंय," आणि दुसऱ्या टोकानं स्वतःच उपटायला लागला. आम्ही दोघं लहानपणी असंच हरभरा उपटायचो. ते आठवायला नको होतं, पण आठवलं.

थोड्या वेळानं भावजय पोती आणि विळा घेऊन आली. कोणी तिला बोलावलं नव्हतं. तिनं न बोलता झाडं तोडून पोत्यात भरायला घेतली. जाळायचं नाही, वासानं गाव गोळा होईल, म्हणून शेणाच्या खड्ड्यात तळाशी पुरायचं ठरलं. वाकल्या वाकल्या ती माझ्याकडं न बघता म्हणाली, "वन्सं, ह्यांनी आदी वरल्या रानात लावायचं काढलं हुतं. मीच म्हणलं, आपल्या नावावरच्या रानात नगं."

"आन माज्या नावावरच्या रानात?"

ती काही वेळ पोत्याचं तोंड बांधत राहिली. "मला तवा माजी लेकरं दिसली," ती म्हणाली.

खोटं बोलली असती तर मी तिला दोन शिव्या दिल्या असत्या. ती खरं बोलली म्हणून मला काही बोलता आलं नाही. हिला मी बघून आणली होती, हिच्या दोन्ही बाळंतपणांत मीच राहिले होते. राग गिळायचा असतो म्हणतात, तो माझ्या घशात आजही आहे.

सगळं पुरून झाल्यावर मी हात धुतले आणि भावाला एकच विचारलं. "ताटात सातबारा ठेवलास तवा ह्ये मनात हुतं का?"

"न्हाय गं. तवा काय न्हवतं. देवाशपथ. त्ये मागनं सुचलं."

हे तो माझ्या डोळ्यांत बघून म्हणाला. पण धुराची चौकशी करताना त्यानं खाली बघितलं होतं आणि मी त्याला लाज समजले होते. आता डोळ्यांत बघत होता त्याला काय समजू?

घरी आल्यावर ह्यांना सगळं सांगितलं. ते आधी दार लावून आले. पोलिसांकडं जावं असं मला वाटत होतं. ते म्हणाले, गेलीस तर कागदावर पहिलं नाव तुझं लागेल आणि दुसरं तुझ्या भावाचं, दोन्हीतलं कुठलं तुला चालणार आहे ते सांग. आपलेच दात आणि आपलेच ओठ. मी गेले नाही. दुसऱ्या दिवशी दुकान उघडलं. पहिल्याच गिऱ्हाइकानं भेंडीचं पान आणलं होतं आणि त्यावर लाल कोळी होता. मी त्याला म्हणाले, दुसऱ्या दुकानात जा. त्याला वाटलं, माझं काहीतरी बिनसलंय.

भाऊबीजेला पाय मुरगळल्याचं कळवलं. पण रानाचं काय करायचं हा प्रश्न काही मुरगळून बसणारा नव्हता. नाव माझं, वावर त्याचा. उद्या पुन्हा त्याला काही सुचलं तर? दुसऱ्या कोणाला कसायला द्यावं म्हटलं तर पट्ट्याला वाट भावाच्या रानातून आणि पाणी भावाच्या विहिरीचं. दोघा-तिघांना विचारलं. ते म्हणाले, "तुमचा भाऊ एवढा द्येवमाणूस, त्याच्याकडनं काढून आमास्नी कशाला देताय?" मी कारण सांगू शकले नाही. झाकली मूठ. त्या द्येवमाणसाची झाकायची होती तशी माझीही झाकायची होती.

शेवटी मी भावाला निरोप धाडला की रान तुझ्या नावावर परत करते. तो धावत आला. नको म्हणाला, लोक काय म्हणतील म्हणाला, दिलेलं परत घेतलं म्हणतील. मी म्हणाले, त्याची काळजी तू करू नकोस. मी सगळ्यांना सांगेन की मला काही कमी नाही, भावाची लेकरं वाढती आहेत, म्हणून दिलं. आणि तसंच सांगितलं. लोकांना ते इतकं आवडलं की काही विचारू नका. दुकानात येऊन माणसं हात जोडून गेली. जुनी गोष्ट सांगताना माझी टकळी थांबायची नाही, ही नवी गोष्ट मी दोन वाक्यांत संपवायचे, आणि लोक म्हणायचे, बघा, मोठ्या मनाची माणसं जास्त बोलत नाहीत.

संक्रांत झाल्यावर आम्ही इंदापूरच्या रजिस्टर कचेरीत गेलो. साक्षीदार म्हणून तेच तात्या आले होते, भावकीतले आणखी एक जण होते. भावजयीनं माझ्यासाठी साडी आणली होती, पिशवीतून काठ दिसत होता. फोटो झाला, अंगठे झाले. मग साहेबांनी चष्मा वर करून तो प्रश्न विचारला जो ते प्रत्येकाला विचारतात. राजीखुशीनं देताय ना? कोणाचा दबाव, जबरदस्ती, फसवणूक काही नाही ना?

मी तोंड उघडायच्या आत भाऊच म्हणाला, "न्हाय साहेब. बहिणीनं आपणहून दिलंय."

"तुम्ही थांबा," साहेब म्हणाले. "त्यांना बोलू द्या."

भावानं माझ्याकडं बघितलं आणि त्याचा चेहरा पांढरा पडला. साहेबांनी विचारलंच होतं. फसवणूक हा शब्द त्यांनी आपणहून माझ्यासमोर ठेवला होता, मला फक्त हो म्हणायचं होतं. तात्या कौतुकानं माझ्याकडं बघत होते. भावजयीनं पदराचं टोक मुठीत आवळून धरलं होतं.

"काही नाही," मी म्हणाले. "राजीखुशीनं."

बाहेर व्हरांड्यात आल्यावर भाऊ माझ्या पाया पडला. उठताना त्याला हुंदका आवरेना. लोक थांबून बघायला लागले. तात्यांनी डोळे पुसले आणि कोणाला तरी म्हणाले, "आसं भाऊ-भन न्हाय ऱ्हायलं आता." माझा भाऊ माझ्या खांद्यावर डोकं ठेवून लहान मुलासारखा रडत होता, त्याचे अश्रू माझ्या मानेला लागत होते, आणि मी, त्याची थोरली बहीण, त्याच्या पाठीवरून हात फिरवत त्याच्या तोंडाकडं वाकून बघत होते की हा खरंच रडतोय का.